सूट आणि परतावा

गिऱ्हाइकाने आपल्या दुकानाची पायरी चढावी म्हणून दुकानदार आजवर नाना युक्त्या करीत आला आहे. कोणी भावात सूट देतो, कोणी मालाबरोबर कुपन देतो, कोणी भेटवस्तू देऊ करतो. परंतु ही सवलत अखेर कोणाच्या पदरची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर इंग्लंडमधील रॉचडेल येथील विणकरांनी व कारागिरांनी १८४४ साली दिले.

लँकेशायर परगण्यातील रॉचडेल हे फ्लॅनेल विणणारे गाव. यंत्रमाग आले आणि हातमागाची मजुरी घसरत गेली. किराणा उधार मिळे. पण एकदा वहीत नाव चढले, की दुसऱ्या दुकानी जाण्याची सोय उरत नसे. मग भाव चढा असो की पिठात भेसळ असो, गिऱ्हाइकाने ते मुकाट्याने पत्करावे, अशी स्थिती होती.

अशा वेळी अठ्ठावीस सभासदांनी अठ्ठावीस पौंड जमविले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनमध्ये दुकान उघडले. लोणी, साखर, कणीक, ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या, एवढाच माल. गावातील पोरांनी त्याची टर उडविली. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर भाव पाडून इतरांशी स्पर्धा करणे म्हणजे महिन्याभरात दिवाळे काढणे होते.

म्हणून त्यांनी भाव पाडलाच नाही. बाजारभावाने, रोखीने आणि चोख मापाने माल विकावयाचा. ठरावीक मुदतीने हिशेब करावयाचा. भांडवलावर मर्यादित व्याज द्यावयाचे. आणि उरलेला नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत करावयाचा, असा त्यांचा नियम होता. खरेदीची खूण म्हणून पुढे पत्र्याचे बिल्ले देण्यात येऊ लागले. तेही एक प्रकारचे कुपनच. पण त्यामागे आधी झालेली कमाई उभी होती. १८४५ साली सभासद ७४ आणि विक्री ७१० पौंड होती. १८६० साली सभासद ३,४५० आणि विक्री १,५२,०६३ पौंडांवर गेली.

याच्या उलट प्रकार अमेरिकेत दिसतो. तेथे १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन यांच्या कंपनीने दुकानदारांना तिकिटे विकण्यास आरंभ केला. दुकानदाराने ती विकत घेऊन गिऱ्हाइकास द्यावी, गिऱ्हाइकाने वहीत चिकटवावी आणि वही भरली की कंपनीकडून वस्तू घ्यावी. गल्लीत एकाच दुकानी तिकिटे मिळत तोवर तेथे गर्दी होई. शेजाऱ्यांनीही ती घेतली, की गर्दी वाटली जाई आणि तिकिटांचा खर्च तेवढा प्रत्येकाच्या माथी राही. तो भावातून वसूल करावा, की नफ्यातून सोसावा, एवढाच विचार उरे.

रॉचडेलचा मार्ग पुढे अनेक देशांनी अनुसरला. मुंबईच्या नायगाव भागात १९४८ साली कामगारांनी सुरू केलेले लहानसे सहकारी दुकान पुढे ‘अपना बाजार’ म्हणून नावारूपास आले, तेही याच परंपरेतले. सवलतीने गिऱ्हाईक एकदा येते. पण हिशेब त्याच्यासमोर उघडा ठेवला, म्हणजे ते पुन्हा येते. टोड लेनच्या त्या दुकानाने सूट जाहीर केली नाही. आधी नफा मोजला आणि मग तो ज्याचा त्याला देऊन टाकला.