शेलमधील लूप आणि यंत्रातच वसलेली मदत

युनिक्स प्रणालीत वापरकर्त्याच्या आज्ञा वाचून त्या पार पाडणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात, आणि अशा आज्ञा फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवल्या की शेल स्क्रिप्ट तयार होते. अमेरिकेतील मरे हिल येथील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी लिहिलेल्या मूळ शेलमध्ये लूप, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारी रचना, नव्हती. ती उणीव ‘गोटू’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम भरून काढत असे. फाइल कोठवर वाचून झाली याची नोंद शेल आणि त्याने सुरू केलेला प्रोग्राम यांच्यात सामायिक असल्याने, गोटू आरंभापासून कोलन चिन्हाची खुणेची ओळ शोधी आणि वाचनाची जागा तेथे नेऊन ठेवी. त्यामुळे शेल त्याच ओळी पुन्हा वाचू लागे. अत्यंत तुटपुंज्या साधनांतून निघालेली ही युक्ती आजही थक्क करते.

थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी डेनिस रिची यांची युनिक्सची पहिली हस्तपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र नोंद, तीत नाव, वापराचा नमुना व वर्णन आणि शेवटी ज्ञात दोषांची प्रांजळ कबुली, अशी तिची मांडणी होती. पुढे हाच मजकूर ‘मॅन’ आज्ञेने पडद्यावर वाचता येऊ लागला. गोटू हा स्वतंत्र प्रोग्राम असल्याने त्यालाही स्वतःची नोंद मिळाली होती.

युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांच्या शेलने ‘फॉर’ आणि ‘व्हाइल’ हे लूप स्वतःच्या व्याकरणात सामावून घेतले. बॉर्न यांनी केंब्रिजमध्ये अल्गोल ६८ या भाषेवर काम केले होते, आणि त्या भाषेप्रमाणे रचनेचा आरंभीचा शब्द उलटा लिहून ती संपवण्याची रीत त्यांनी शेलमध्ये आणली. पण ‘डू’ उलटा केला तर होणारे ‘ओडी’ हे नाव फाइलमधील बाइट अष्टमान अंकांत दाखवणाऱ्या प्रोग्रामला आधीच दिलेले होते, म्हणून लूपच्या शेवटी ‘डन’ आला. या सुधारणेची एक किंमत मात्र वाचकाला मोजावी लागली: लूपची माहिती आता शेलच्या लांबलचक नोंदीत, चले आणि फाइलनावांच्या नियमांच्या गर्दीत गेली. बर्कली येथे बिल जॉय यांनी रचलेल्या सी शेलचे लूप तर निराळेच असल्याने, आपण कोणता शेल वापरतो हे ठाऊक असल्याखेरीज योग्य नोंद सापडणे कठीण झाले.

मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला ‘बॅश’ हा शेल १९८९ मध्ये आला. त्यात ‘हेल्प’ ही अंगभूत आज्ञा आहे. ‘हेल्प फॉर’ असे लिहिताच त्या लूपचा नमुना आणि थोडक्यात अर्थ समोर येतो, आणि हा मजकूर शेलमध्येच असल्याने हस्तपुस्तिका वगळून बसवलेल्या आटोपशीर प्रणालींवरही तो सहसा उपलब्ध असतो. डेबियन या लिनक्स वितरणात स्क्रिप्टसाठी मूलतः वापरला जाणारा ‘डॅश’ हा शेल मात्र ही सोय देत नाही, आणि बॅशच्या मदतीत आढळणारी दुहेरी कंसांची ‘फॉर’ रचनाही तो स्वीकारत नाही.