वणवा. काम बंद.

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त भाच्याचं. तो ऑरेगनमध्ये असतो. परवा त्याने एक फोटो पाठवला. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर चेन-सॉ, मागे धुराने काळवंडलेला डोंगर आणि त्यात उभा एक दाढीवाला. सोबत प्रश्न : "मामा, हा माणूस वणव्यात झाडं पाडायचा ठेका घेतो. आपल्या अकोल्यात असं कुणी करायचं का? आणि सुरुवात कशी व्हायची?"

(आपलं अकोले म्हणजे नगर जिल्ह्यातलं, आताच्या अहिल्यानगरमधलं. विदर्भातलं अकोला नव्हे. दरवेळी सांगावं लागतं!)

प्रश्न वाचला आणि कपाटातून आजोबांची वही काढली. आजोबा राजूरच्या बाजूला एका लाकूड ठेकेदाराकडे दिवाणजी होते. हजेरी लावायची, घनफुटं मोजायची, शनिवारी पगार वाटायचा. ऐन, जांभूळ, हेदू अशी झाडांची नावं, पुढे माप, पुढे तोडणाऱ्याचं नाव आणि मजुरी. अक्षर मोत्यासारखं. घरात सगळे अभिमानाने सांगतात, आजोबांचा हिशेब पैशानेही चुकला नाही.

त्या वहीत फाल्गुन-चैत्रातल्या काही दिवसांपुढे मात्र एवढंच लिहिलंय : "वणवा. काम बंद."

नाव नाही, मजुरी नाही. लहानपणी मला वाटायचं, त्या दिवशी सगळे घरी बसले असतील. पुढे कधीतरी तोडीवर काम केलेल्या एका म्हातारबाबांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "घरी कोन बसतंय? समदे वर डोंगरात, आग इझवाया."

आपल्याकडचा वणवा अमेरिकेतल्यासारखा शेंड्याशेंड्यावरून धावत नाही. तो बहुतेक जमिनीवरून, वाळलेल्या गवतातून आणि पाचोळ्यातून पळतो. हिरव्या फांद्यांनी झोडपून तो विझवता येतो. पुढे गवत कापून, पाचोळा ओढून पट्टा मोकळा केला, म्हणजे जाळरेषा काढली, की खाद्य संपतं. घात करतं ते ढोलीचं जुनं झाड. आग त्याच्या पोटात शिरते, वरून काही दिसत नाही, पण आत दोन-दोन दिवस धुमसते. मग एखाद्या रात्री वारा सुटतो, ठिणग्या रेषेपलीकडे पडतात किंवा झाडच उतारावरून आडवं होतं. ते वेळेत पाडायला कुऱ्हाडवालाच लागतो. आणि जळतं झाड कुठे कलेल याचा अंदाज एका दिवसात येत नाही.

म्हातारबाबांनी सुरुवात कशी केली तेही सांगितलं. आधी दोन वर्षं फांद्या सवळायच्या. मग मोठ्या करवतीचं दुसरं टोक धरायचं. मग कुठे खोडाला हात. झाड जिकडे पाडायचं त्या अंगाला आधी खाच, मग मागून जरा वर घाव, आणि पळायची वाट घाव घालण्याआधीच मोकळी करून ठेवायची. आगीच्या वेळी त्यांना मुद्दाम कुणी शिकवलं नाही. पुढच्या माणसाच्या मागे गेले, एवढंच.

आता भाच्याच्या दाढीवाल्याकडे येऊ. तोही आधी लाकूडतोडीतच शिकतो. आगीच्या जागी आधी जातो, जळून पोकळ झालेली, कधीही कोसळतील अशी झाडं पाडतो, म्हणजे मागून येणाऱ्या टोळीच्या डोक्यावर ती पडू नयेत. १९१० साली आयडाहो आणि मोंटानात प्रचंड वणवा पेटला. सुमारे ३० लाख एकर जंगल जळलं, आग विझवणारे कितीतरी लोक गेले. त्यात आपल्या माणसांना वाचवणाऱ्या पुलास्की नावाच्या रेंजरच्या नावाने एक हत्यार तिकडे आजही वापरतात. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं. त्या देशात वणवा हा पगाराचा धंदा झाला, त्याचा ठेका निघाला, रोजाचा दर ठरला.

आपल्याकडे नेमकं उलटं झालं. तोडीचा ठेका निघाला, विझवण्याचा नाही. इंग्रजांनी १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगल ताब्यात घेतलं. नाचणीच्या आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजणारा आदिवासी आगीचा पहिला संशयित ठरला. मग १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कलम ७९ आलं. जंगलात ज्याचा काही हक्क आहे, ज्याला लाकूड तोडायची किंवा गुरं चारायची परवानगी आहे, आणि अशा माणसाने कामावर ठेवलेला प्रत्येक जण, या सगळ्यांनी वणव्याची खबर द्यायची आणि तो विझवायला जायचं. कारणाशिवाय न गेल्यास एक महिन्यापर्यंत कैद, २०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम २६ आणखी पुढचं : कुणी मुद्दाम किंवा भयंकर हलगर्जीपणाने आग लावली, तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्कच स्थगित करू शकतं.

"कामावर ठेवलेला प्रत्येक जण" म्हणजे आजोबांच्या वहीतला मजूर. त्याने जायलाच हवं हे कलमात आहे. त्याला मजुरी कोण देणार हे नाही.

ठेकेदारीवर आवाज उठला नाही असं नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींच्या पिळवणुकीवर अहवाल लिहिला. १९४५ मध्ये ठाण्याच्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर लढा उभारला. १९४७ पासून बाळासाहेब खेरांच्या काळात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघू लागल्या. तोडीचा दर सुधारला. पण कुऱ्हाडवाल्याकडे बघायची नजर तीच राहिली. आपला जिल्हा तर कुऱ्हाडबंदीसाठी प्रसिद्ध! राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने ती पाळून माळरानं हिरवी केली, त्यांचं मोल मोठंच आहे. पण पश्चिमेच्या डोंगरात तीच कुऱ्हाड आगीपुढे उभी राहायची, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. आता वणव्याची सूचना उपग्रहावरून मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेलाही दिला. पण डोंगर चढून आगीपर्यंत जायला अजूनही माणूसच लागतो.

तर भाच्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर : होय, असे लोक होते. फक्त त्यांना ठेका नव्हता. आणि त्यांची हजेरी न लावणारा माणूस तुझा पणजोबा होता.

हे लिहिताना जड जातंय. आजोबा वाईट नव्हते. ठेकेदार जे मोजायला सांगायचा ते ते मोजत. हिशेब चुकला नाही म्हणतात, ते खरंच आहे. वणव्याचे दिवस हिशेबात धरलेच नव्हते.

त्या "काम बंद"च्या आदल्या पानावर चौदा नावं आहेत. दुसऱ्या दिवशी डोंगरात कोण गेलं असेल ते त्यावरून कळतं. मे महिन्यात वही घेऊन त्या वाड्यांवर जाणार आहे. चौदांपैकी कुणाची नातवंडं भेटली तर पान दाखवीन, आणि त्यांच्या घरात त्या दिवसांचं काय सांगतात ते ऐकून येईन. काका, आत्या, तुमच्याकडे आजोबांच्या आणखी वह्या असतील तर रद्दीत देऊ नका. मला कळवा.