मीटर उलटे फिरले तेव्हा

घराच्या छतावर तयार झालेली सौर वीज घरातल्या जुन्याच वायरिंगला जोडायची आणि उरेल ती वीज कंपनीच्या तारांमध्ये सोडायची, ही व्यवस्था महाराष्ट्रात गेल्या दहा वर्षांत रुळली. तिचा इतिहास मात्र जवळजवळ पन्नास वर्षांचा आहे आणि त्यात पॅनेलपेक्षा मीटरच्या पेटीला जास्त महत्त्व आहे. उन्हापासून कामापुरती वीज करणारा सिलिकॉनचा सौरघट बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दाखवला. ती वीज कंपनीच्या तारेत कोणी, कोणत्या अटींवर आणि काय भावाने सोडायची, हा वाद त्यानंतर बराच काळ चालला.

या वादाची पहिली गाजलेली ठिणगी पडली ती सौर पॅनेलमुळे नव्हे, तर पवनचक्कीमुळे. न्यूयॉर्कच्या ईस्ट इलेव्हन्थ स्ट्रीटवरील ५१९ क्रमांकाची मोडकळीला आलेली इमारत रहिवाशांनी स्वतः राबून दुरुस्त केली आणि १९७६ मध्ये तिच्या गच्चीवर २ किलोवॉटची जुनी पवनचक्की बसवली. वापरून उरलेली वीज शहराच्या जाळ्यात जाऊ लागली. कॉन एडिसन या बलाढ्य वीज कंपनीने हरकत घेतली. जाळ्याला धोका आहे, हे तिचे म्हणणे. एवढ्या मोठ्या शहराच्या जाळ्याला २ किलोवॉटची भीती, हा प्रकार वृत्तपत्रांना आवडला नसता तरच नवल. अमेरिकेचे माजी अ‍ॅटर्नी जनरल रॅम्से क्लार्क रहिवाशांच्या बाजूने उभे राहिले आणि अखेर राज्याच्या नियामक आयोगाने जोडणीला वाट करून दिली. १९७८ मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच केला: लहान उत्पादकांची वीज कंपन्यांनी घेतलीच पाहिजे. तेलटंचाईचा तो काळ नसता तर हा कायदा इतक्या सहज झाला असता असे वाटत नाही.

जोडणीच्या हिशेबाची सोय जुन्या मीटरने आपोआप केली होती. चकती फिरणाऱ्या मीटरमध्ये चकतीची दिशा विजेच्या प्रवाहाच्या दिशेवर अवलंबून असते. घरातून वीज बाहेर जाऊ लागली की चकती उलटी फिरते आणि आकडे मागे येतात. काही मीटरमध्ये हे रोखणारी खिट्टी असे. नसेल तिथे दिलेल्या आणि घेतलेल्या युनिटची वजाबाकी मीटरच करून टाकी. ‘नेट मीटरिंग’ची कल्पना निघाली ती इथून.

युरोपने दुसरी वाट धरली. स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस रिआल या अभियंत्याने १९८०च्या दशकात झुरिकमधील ३३३ घरमालकांना प्रत्येकी ३ किलोवॉटची यंत्रणा बसवायला लावून दाखवले, की एकाच मोठ्या सौर केंद्राची गरज नाही. जर्मनीने १९९० मध्ये ‘हजार छपरे’ योजना काढली आणि २००० सालच्या कायद्याने छतावरच्या प्रत्येक युनिटला वीस वर्षांसाठी ठरावीक, चढा भाव दिला. तिथे वजाबाकी नव्हती. घरात आलेल्या विजेचे बिल वेगळे आणि जाळ्यात दिलेल्या विजेचे पैसे वेगळे. पॅनेल पुढे जगभर स्वस्त झाले, त्यात चिनी कारखान्यांइतकाच या जर्मन ग्राहकांच्या खिशाचाही वाटा आहे.

जोडणी सुरक्षित करण्याचे काम इन्व्हर्टरने केले. पॅनेलची एकदिश वीज तो जाळ्याच्या ठोक्याशी, भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, जुळवून घेतो. जाळे बंद पडले की त्यालाही तत्काळ बंद पडावे लागते, कारण खांबावर दुरुस्तीसाठी चढलेल्या वायरमनला तार मृत आहे असे वाटत असते आणि एखाद्या छतावरून तिच्यात वीज येत राहिली तर त्याच्या जिवावर बेतेल. या नियमाचा अतिरेक जर्मनीला भोवू लागला होता. तिथले जुने इन्व्हर्टर वारंवारिता ५०.२ हर्ट्झला पोहोचताच एकदम बंद होतील, असे ठरवलेले होते. छते लाखांनी वाढल्यावर हीच शिस्त सगळे जाळे एका झटक्यात पाडू शकेल हे ध्यानात आले आणि २०१२ पासून जुन्या यंत्रांची ही मर्यादा बदलून घ्यावी लागली.

महाराष्ट्रात घरगुती इन्व्हर्टर शिरला तो भारनियमनाच्या वर्षांत, बॅटरी घेऊन. त्यामुळे छतावर पॅनेल आले की वीज गेल्यावरही दिवे चालतील, अशी बहुतेकांची समजूत झाली. साध्या जोडणीत तसे होत नाही: डीपीवरचा फ्यूज उडाला की भर उन्हात पॅनेलवाले घरही शेजाऱ्यांसारखेच बंद. दिवे चालू ठेवायचे तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टरचा खर्च वेगळा.

२००३ च्या वीज कायद्याने वीजनिर्मितीसाठीची परवान्याची अट काढली होती. घरगुती जोडणीचे नियम राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये केले. यंत्रणा मंजूर भारापेक्षा मोठी नको, आणि एका रोहित्रावरची सगळी छते मिळून त्याच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपुढे जाऊ नयेत, या त्यातल्या मुख्य अटी. दुसऱ्या अटीमुळे अर्ज आधी करणाऱ्याचे फावले, उशिरा आलेला अडला. २०१९ मध्ये ही मर्यादा ७० टक्क्यांवर नेली. त्याच वर्षी आयोगाच्या नव्या नियमांच्या मसुद्यात नेट मीटरिंग आखडण्याचा प्रस्ताव होता. विरोधानंतर तो अंतिम नियमांत राहिला नाही. पुढे डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने नेट मीटरिंगची सवलत १० किलोवॉटपुरती ठेवली आणि सहा महिन्यांत ५०० किलोवॉटपर्यंत वाढवली. मोठे ग्राहक गेले तर वीज कंपन्यांचा महसूल बुडतो आणि तोटा उरलेल्यांच्या दरात शिरतो, ही तक्रार या सगळ्या मागेपुढे करण्यामागे आहे आणि ती पूर्णपणे खोटी नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट, २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार रुपये आणि ३ किलोवॉट व त्यापुढे एकूण ७८ हजार रुपये अनुदान. त्याच सुमारास १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांसाठी तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट काढली गेली. चकतीच्या मीटरची जागा आता आयात आणि निर्यात वेगवेगळी दाखवणाऱ्या डिजिटल मीटरने घेतली आहे. महिन्याचे शिल्लक युनिट पुढच्या बिलात वळते होतात. आर्थिक वर्षाअखेरीस उरलेले कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने घेते. हा दर ग्राहक स्वतः मोजतो त्यापेक्षा बराच कमी असल्याने, गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवणे घरगुती ग्राहकाला परवडत नाही.