रूथ मे यांचा शिवणाचा डबा
इंग्लंडमधल्या ब्रायन मे या शाळकरी मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती, पण विकत घेण्याइतके पैसे घरात नव्हते. १९६३ साली बापलेकांनी ती घरीच करायला घेतली. दांडा शेकोटीच्या जुन्या लाकडाचा, स्प्रिंगा मोटारसायकलच्या. तारांची थरथर विजेत बदलणारे पिकअप मुलानं आधी चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळून केले, नंतर विकतचे बसवले. वायरिंगला वडील हॅरोल्ड यांचं ज्ञान कामी आलं. दांड्यावरच्या खुणा मात्र आई रूथ यांच्या शिवणाच्या डब्यातल्या, शिंपल्याच्या बटणांच्या. पुढे क्वीन बँडमध्ये, पाचगणीला शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या गाण्यांसोबत हीच गिटार जगभर वाजली. गोष्ट सांगताना लोक बापलेकांचं नाव घेतात. आम्ही बचत गटात घरून आलेल्या सामानाचीही नोंद करतो. इतिहासाच्या वहीतही आईच्या डब्याची नोंद हवी.