चित्रफितीवाचून दोषसिद्धी : रस्त्यावरील संतापाच्या टकरी आणि भारतीय न्यायालये

प्रस्तावना

दोन वाहनांची टक्कर होते, तिच्या आधी वाट देण्या-न देण्यावरून बाचाबाची झालेली असते, आणि त्या क्षणाचे चित्रण कोणापाशीच नसते. अशा वेळी दोष कोणाचा, हे न्यायालयाने कशावरून ठरवावे? सीसीटीव्हीची सवय झाल्यामुळे हा प्रश्न आज नवा भासतो. वस्तुतः मोटारीच्या इतिहासाचा बहुतेक काळ न्यायालयांनी चित्रफितीवाचूनच निवाडे केले आहेत. 'रोड रेज' हा शब्दप्रयोग १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाला. भारतीय दंडविधानात या नावाचा स्वतंत्र अपराध नाही. त्यामुळे संतापाने घडविलेली टक्कर एक तर हयगयीच्या कलमात बसवावी लागते, नाही तर हेतुपुरस्सर इजेच्या किंवा सदोष मनुष्यवधाच्या. पुराव्याच्या दृष्टीने या दोहोंमधील अंतर फार मोठे आहे. रस्त्यावर उरलेल्या खुणा ते अंतर क्वचितच ओलांडतात, आणि त्याची किंमत बहुधा जखमी वा मृत व्यक्तीच्या कुटुंबास मोजावी लागते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

साक्षीदाराच्या डोळ्यातील वेग

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ४४ वर्षांची एक स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमधील मोटार-अपघाताचा हा पहिला पादचारी बळी मानला जातो. मृत्युचौकशीत चालकाने आपला वेग ताशी ४ मैल सांगितला. पाहणाऱ्यांपैकी कोणास मात्र ती गाडी आगीच्या बंबासारखी धावत आल्याचे वाटले. ज्यूरीने अपघाती मृत्यूचा निर्णय दिला. वेगाविषयी साक्षी विसंगत असणे हा विषय मोटारीइतकाच जुना आहे, हे यावरून ध्यानात यावे.

या विसंगतीचे मानसशास्त्रीय कारण एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ सालच्या प्रयोगाने पुढे आणले. विद्यार्थ्यांना टकरींच्या चित्रफिती दाखवून वेग विचारला गेला. प्रश्नात 'आदळून चुराडा झाला' अशा अर्थाचे क्रियापद वापरले तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ४० मैल आले, आणि 'स्पर्श झाला' अशा अर्थाचे वापरले तेव्हा सुमारे ३२ मैल. दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्यानंतर फुटलेल्या काचेविषयी विचारले असता, तीव्र क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले; सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. जबाब लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न साक्षीदाराची आठवण घडवितो, हे येथे आकड्यांनिशी दिसते.

आपल्याकडील फिर्यादीत 'भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने' हे शब्द जवळपास मंत्रासारखे येतात. त्यांचे पुराव्यातील मोल किती, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कर्नाटकातील एका ट्रकच्या खटल्यात स्पष्ट केले. 'मोठा वेग' ही सापेक्ष संज्ञा असून केवळ तेवढ्यावरून बेदरकारपणा वा हयगय सिद्ध होत नाही, असे म्हणून न्यायालयाने चालकाला दोषमुक्त ठेवले. साक्षीदारांनी वेग मोठा होता एवढेच सांगितले होते. मोठा म्हणजे किती, हे कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. सरकार पक्षाने हा निवाडा पुरेसा मनावर घेतल्याचे मात्र जाणवत नाही, कारण तो शब्दसमूह आजही तसाच लिहिला जातो.

मुक्या वस्तूंची साक्ष

मनुष्याची साक्ष अशी डळमळीत असल्यामुळे घटनास्थळ पंचनाम्याला महत्त्व प्राप्त झाले. रस्त्याची रुंदी, वाहनांची तोंडे कोणत्या दिशेस होती, काचांचा चुरा कोठे पडला, ब्रेकच्या खुणा किती लांबीच्या, ही पंचांसमक्ष केलेली नोंद टकरीनंतरच्या पहिल्या तासांतील जवळजवळ एकमेव लिखित अवशेष असते. पंचनामा हा स्वतःहून मूलभूत पुरावा नव्हे. पंचाने वा अधिकाऱ्याने न्यायालयात येऊन त्यास दुजोरा द्यावा लागतो. तथापि त्यातील मोजमापे बोलकी असतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक सुमारे ०.७ धरल्यास २० मीटर लांबीची ब्रेकची खूण ताशी सुमारे ६० किलोमीटर वेग दर्शविते, आणि तो किमान वेग असतो, कारण आदळण्यात खर्च झालेली ऊर्जा त्यात मोजलेली नसते. मोजपट्टी न लावता 'लांब खुणा दिसतात' एवढेच लिहिणारा पंचनामा हा हिशेब कायमचा अशक्य करून ठेवतो. एबीएस बसविलेल्या वाहनांच्या खुणा तर फिकट व तुटक उमटतात, म्हणून त्या लगेच टिपल्या नाहीत तर हाती काहीच लागत नाही.

मुक्या वस्तूंच्या आधारे दोष ठरविण्याचे भारतीय उदाहरण म्हणून १९७७ सालचा एक निवाडा मूलगामी आहे. १८ डिसेंबर १९६० रोजी नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार रस्त्याच्या उजव्या, म्हणजे चुकीच्या, कडेला जाऊन झाडावर आदळली. झाड उन्मळले आणि मोटारीच्या पुढील भागाचा चुराडा झाला. मृत प्रवाशाच्या वारसांच्या बाजूने मुख्य आधार होता तो टकरीनंतर तेथे पोहोचलेल्या माणसाने सांगितलेल्या स्थितीचा. सर्वोच्च न्यायालयाने 'रेस इप्सा लोक्विटर', म्हणजे घटना स्वतःच बोलते, हे तत्त्व लागू केले. लिव्हरपूलमध्ये वखारीच्या खिडकीतून पिठाचे पिंप खाली पडले, त्यावरील १८६३ सालच्या इंग्लिश खटल्यातून हे तत्त्व रूढ झाले होते. सुस्थितीतील मोटार रस्ता सोडून झाडावर जात नाही. ती गेली असेल तर का गेली, हे मालकाने सांगावे, असा याचा अर्थ. सोळा वर्षांहून अधिक काळानंतर त्या उन्मळलेल्या झाडाने कुटुंबाला न्याय मिळवून दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

दिल्लीच्या लोधी रस्त्यावर १० जानेवारी १९९९ रोजी पहाटे एका आलिशान मोटारीखाली सापडून ६ जण मरण पावले, त्या प्रकरणातही वस्तूंनीच वाट दाखविली. घटनास्थळी मोटारीची क्रमांकपट्टी सापडली आणि रस्त्यावर ठिबकलेल्या तेलाच्या माग्यावरून पोलीस गोल्फ लिंक्समधील एका घरापर्यंत पोहोचले. तेथे मोटार धुतली जात होती. पुढे महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले; तेलाचा माग फितूर होऊ शकत नव्हता.

दोन न्यायालये, दोन मोजमापे

फौजदारी न्यायालयाने मात्र हे तत्त्व त्याच अर्थाने स्वीकारले नाही. १९७९ साली कर्नाटकातील एका बसचालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, फौजदारी खटल्यात घटना बोलते एवढ्यावरून सिद्धतेचा भार आरोपीवर सरकत नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यास शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूस झुकते हे पाहणे पुरे असते; शिक्षेसाठी वाजवी संशयापलीकडील सिद्धता लागते. भरपाईच्या दाव्यांसाठी १९५६ सालच्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे निर्माण झाली. तरीही चालक फौजदारीत सुटला की भरपाईही नाकारावी, हा युक्तिवाद वारंवार होत राहिला. १९८० साली तामिळनाडूतील एका बस-अपघाताच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो फेटाळला, आणि २०१३ साली गोव्यातील स्कूटर व पिकअप व्हॅन यांच्या टकरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयास तेच पुन्हा सांगावे लागले. तेहतीस वर्षांनी तोच मुद्दा त्याच न्यायालयापुढे यावा, हे खालच्या पातळीवरील मनोवृत्तीचे द्योतक आहे.

संतापाची सिद्धता

आतापर्यंतचा विचार टक्कर कशी झाली याविषयी होता. संतापाच्या टकरीत ती का झाली, हेही सिद्ध करावे लागते, आणि तेथे झाड, काच, तेल सारेच मुके होतात. चालकाने ब्रेक न लावल्याची खूण विस्मरणाचीही असते आणि सूडाचीही. १८८१ सालच्या इदू बेग प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाने बेदरकारपणाची व्याख्या करताना धोक्याची जाणीव असणे व इजेचा हेतू नसणे असे दोन्ही घटक धरले होते. संतप्त चालक नेमका या व्याख्येच्या काठावर उभा असतो.

पतियाळा येथे २७ डिसेंबर १९८८ रोजी वाहनाला वाट देण्यावरून झालेल्या भांडणात ६५ वर्षांच्या गृहस्थाचा मृत्यू झाला. येथे वाहनांची टक्कर नव्हती, मारहाण होती. परंतु पुरावा होता तो प्रत्यक्षदर्शींचा आणि वैद्यकीय मताचाच. क्रिकेटपटू व पुढे राजकारणात आलेले नवज्योतसिंग सिद्धू यांना सत्र न्यायालयाने १९९९ साली निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने २००६ साली सदोष मनुष्यवधाबद्दल ३ वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मृत्यूच्या कारणाविषयीचा वैद्यकीय पुरावा अनिश्चित ठरवून केवळ इजेबद्दल १,००० रुपये दंड केला, आणि पुनर्विलोकनात २०२२ साली १ वर्षाची सक्तमजुरी. तोच पुरावा, आणि ३३ वर्षांत चार निरनिराळे निर्णय.

येथे आणखी एक पेच आहे, ज्याची चर्चा पुरेशी झालेली नाही. रिक्षा चोरण्यासाठी चालकाचा खून झाला, त्या नागालँडमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली प्रमुख हेतूची कसोटी लावली. मूळ हेतू चोरीचा असल्याने तो मृत्यू मोटार वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात ठरला आणि भरपाई मिळाली. मूळ हेतू त्या माणसालाच मारण्याचा असता तर तो निव्वळ खून ठरला असता. ही कसोटी संतापाच्या टकरीस लावली की विमा कंपनीस युक्तिवादाची वाट मोकळी होते : सरकार पक्षाने हेतू जितका ठामपणे सिद्ध करावा, तितका कुटुंबाचा दावा अपघाताच्या व्याख्येबाहेर ढकलला जावा. म्हणजे एकच वस्तुस्थिती फौजदारी न्यायालयात कुटुंबाच्या बाजूची आणि न्यायाधिकरणात त्याच्या विरुद्ध. प्रस्तुत लेखकाच्या मते विमा हा रस्त्यावरील त्रयस्थाच्या संरक्षणासाठी सक्तीचा केलेला आहे. म्हणून चालकाचा राग हा विमा कंपनी व विमाधारक यांच्यातील हिशेबाचा विषय असावा, मृताच्या वारसांचा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १६४ नुसार दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख रुपये मिळू शकतात. पण कमावत्या माणसाच्या संपूर्ण नुकसानीचा दावा करावयाचा तर दोषसिद्धीचा मार्ग टळत नाही.

मग संताप सिद्ध कशाने होतो? टकरीआधीच्या काही मिनिटांनी. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने त्यासाठी तीन दारे ठेवली होती : त्याच घटनाक्रमात बोललेले व केलेले (कलम ६), आधीचे व नंतरचे वर्तन (कलम ८), आणि मनःस्थिती दर्शविणारी तथ्ये (कलम १४). मागील चौकातील शिवीगाळ, तीन-चार वेळा आडवी घातलेली गाडी, काच खाली करून दिलेली धमकी, हे सारे या दारांतून आत येऊ शकते. ते येते मात्र टपरीवाला, रिक्षाचालक, पेट्रोलपंपावरील कामगार यांना त्याच दिवशी विचारले तरच. घटनास्थळ पंचनामा टकरीच्या जागी सुरू होतो आणि तेथेच संपतो. अर्धा किलोमीटर मागचा चौक त्याच्या नकाशात येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम अमलात आला. त्याच्या कलम ४ खालील पहिले उदाहरण मारहाण करून केलेल्या खुनाचे आहे, आणि त्यात आरोपी व मृत यांच्याबरोबरच जवळ उभ्या असलेल्या लोकांचे बोलणेही, १८७२ प्रमाणेच, संबद्ध मानले आहे.