पहारेकऱ्याची हांक

पहारेकरी जागा असूनहि चोरी झाली, अशी २०१३ मधील हकीकत सांगतों. अमेरिकेंतील 'टार्गेट' या दुकानदार कंपनीनें संगणकांच्या राखणीसाठीं 'फायरआय' कंपनीची यंत्रणा घेतली होती. तिच्यावर अहोरात्र नजर ठेवण्यास बंगळूरास माणसें बसविलीं होतीं. चोर शिरले ते शीतयंत्रांच्या ठेकेदाराचा परवलीचा शब्द चोरून. ३० नोव्हेंबरला यंत्रणेनें इशारा दिला. बंगळूरकरांनीं तो मिनिआपोलिसच्या मुख्य कचेरीस कळविला. तेथें कोणी हाललें नाहीं! असे इशारे असंख्य येत, हें खरें. रोजच्या ओरडण्यास कान सरावतो. तथापि माझ्या मतें दोष बंगळूरचा नव्हे. घातक आज्ञावली आपोआप नष्ट करण्याची सोयहि बंदच ठेविली होती. चार कोटी कार्डांचे आंकडे चोरीस गेले. १२ डिसेंबरला सरकारी खात्यानें कळविलें, तेव्हां कोठें कंपनी जागी झाली.