वामन, दुसऱ्यांदा

गेल्या शनिवारी मंचरला घरी गेलो होतो. माळा आवरताना आठवीत बक्षीस मिळालेलं 'वामन परत न आला' हाती लागलं. जयंत नारळीकरांची १९८६ची कादंबरी. आवराआवर तिथेच थांबली. (आईची बोलणी खाल्ली. असो.)

आठवीत नारळीकर म्हणजे खोडदच्या तबकड्या, असं आमचं साधं समीकरण होतं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असायचं, शाळेतून टेम्पोत कोंबून न्यायचे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना शेताशेतांतून पसरलेल्या. खरं तर ही दुर्बीण गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. नारळीकर पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक संचालक. पण आठवीत एवढा हिशेब कोण ठेवतो!

त्यांच्या कथालेखनाची सुरुवातही मजेशीर आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! नाव बघून बक्षीस मिळायला नको म्हणून. पहिलं बक्षीस मिळालंच.

तर 'वामन'. जमिनीखाली एक पेटी सापडते, कुठल्याशा प्रगत आणि नामशेष झालेल्या संस्कृतीने ठेवलेली. आतला मजकूर शास्त्रज्ञ उलगडतात आणि त्यावरून वामन नावाचा यंत्रमानव तयार करतात. धोका हा, की त्याला स्वतःसारखे आणखी यंत्रमानव बनवता येऊ शकतात. आठवीत मला फक्त ती पेटी उघडायची होती. आता वाचताना सारखं वाटत राहिलं, अरे, ज्यांनी ही पेटी पुरली ते गेले कुठे, हे आधी विचारा ना! बनवता येतंय म्हणून बनवायचं, ही घाई माझ्या चांगलीच ओळखीची आहे.

कारण गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये कोड लिहिणारं एआय टूल आलं, ते मीच बसवलं. उत्साहाने, दोन शनिवार घालवून. नंतर मॅनेजरने विचारलं, ठरलेले तीन फ्रेशर्स अजून लागतील का? मी एका ओळीत उत्तर दिलं, गरज नाही. मुलाखती झाल्या होत्या. त्यातला एक मुलगा आळेफाट्याकडचा होता. त्याने खोडदचं प्रदर्शन पाहिलेलं, त्यावर आम्ही दहा मिनिटं गप्पा मारल्या होत्या.

रविवारी गाडी काढून एकटाच नाणेघाटात गेलो. आपल्याकडची पेटी म्हणाल तर ती हीच. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांहून जुना ब्राह्मी लेख आहे. यज्ञात काय काय दान दिलं त्याची यादी: गायी, घोडे, कार्षापण नाणी. त्यातले आकडे भारतातल्या सर्वात जुन्या अंकचिन्हांपैकी आहेत. ब्राह्मी लिपी १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने उलगडली, आणि या आकड्यांवर भगवानलाल इंद्रजींनी १८७६ साली निबंध लिहिला. पद्धत मोठी गोड आहे. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. हजाराच्या चिन्हाला चारचं चिन्ह जोडलं की चार हजार. असं जोडत जोडत २४,४०० कार्षापणांपर्यंत मजल जाते. मी तिथे उभा राहून मनातल्या मनात त्याचा पार्सर लिहीत होतो. (सवय जात नाही.)

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावं वर कोरलेली आहेत. खाली उरलेत ते फक्त पाय.

संध्याकाळी घरी येऊन शेवटची पानं वाचली. शेवट सांगत नाही, शीर्षकानेच सांगितलाय म्हणा. नारळीकर २० मे २०२५ला गेले. तेव्हा सगळ्यांसारखं मीही स्टेटस ठेवलं होतं, पुस्तक मात्र माळ्यावरच होतं.

त्या मुलाचा 'सर, काही कळलं का?' असा मेल मार्चपासून माझ्याकडे पडून आहे. आज उत्तर लिहायला बसलो, तर 'गरज नाही' हे त्याला कसं सांगायचं ते सुचेना. शेवटी मी काय लिहिलं होतं ते सरळ सांगितलं, आणि ओळखीच्या दोन ठिकाणचे पत्ते दिले.